फर्निचर दुरुस्ती, नग पाच

पोलीस मुख्यालयाची जीप उमा नदीचा पूल ओलांडून आली
तेव्हा बाबा तिफणीला फण बसवत होता.
मडावी हवालदारानं घोंगडी उलगडली.
आत पाच रायफली, बोल्ट काढून घेतलेल्या.
लोखंड धड, लाकूड गेलेलं.
पाचही एकाच जागी फुटलेल्या, मनगटाशी,
जिथं दस्ता बारीक होतो अन् मूठ बसते.

"परेडीच्याच हायेत," मडावी म्हणाला,
"पन परेडीत बी दस्ता जमिनीवर आपटा लागते."

बाबानं एक ढलपी हुंगली,
जिभेच्या टोकाला लावून पाहिली.
"हे आपल्या जंगलातलं नोहोय."
अक्रोड, मडावीनं सांगितलं.
बाबानं अक्रोड पाहिला होता फक्त पूजेच्या पुडीत,
खारकेच्या शेजारी. त्याचं झाड असतं,
झाडाला एवढं खोड असतं,
हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

मग तिवस काढलं.
बंडीचा आस ज्याचा करतात ते,
गोठ्यामागं सात वर्षं वाळत पडलेलं.
बाबा फळी उन्हात तिरपी धरायचा अन् रेघ वाचायचा.
"मनगटातून रेघ सरळ गेली पाह्यजे, पोरी.
आडवी गेली का संपलं."

माझं काम काजळीचं.
कंदिलाची काच पुसून ती लोखंडाला फासायची,
लोखंड खाचेत दाबून उचलायचं.
जिथं काळं उमटलं तिथं लाकूड अजून जास्त.
बाबा पटाशीनं तेवढंच खरवडायचा, कागदाएवढं.
पुन्हा काजळी. पुन्हा दाब.
नववीच्या भूमितीच्या वहीत
माझी बोटं प्रत्येक त्रिकोणाखाली उमटलेली आहेत.

लांबी किती ठेवायची, बाबानं विचारलं होतं,
हात कोनाचा?
"कोनाचा बी," मडावी म्हणाला, "सरकारी हाये."
तेव्हा बाबानं माझाच कोपर वाकवला
अन् घडीपासून बोटाच्या पेरापर्यंत सुतळी ताणली.

तिसऱ्या नंबरच्या दस्त्यावर खाचा होत्या.
चाकूच्या, ओळीनं, अकरा.
शेवटची अर्धीच.
"ह्या बी उतरवू का नव्यावर?"
मडावी नदीकडे पाहत राहिला.
पलीकडच्या काठाला त्या वर्षी जवस फुललं होतं,
निळंच निळं.
"नको," तो म्हणाला. "कोरा ठेव."

तेल त्याच जवसाचं, येरणे तेल्याच्या घाणीवरचं.
तळहात तापेस्तोवर चोळायचं, रोज एक हात, बारा दिवस.
घरभर चटणीचा वास
अन् ताटात चटणी नाही.
आई म्हणाली, बंदुकीचेच लाड सुरू आहेत.

महिन्याभरात जीप परत.
दस्ते सव्वा इंच आखूड.
सहा फुटी जवानांचा अंगठा नाकावर बसत होता,
एकाचं तर रक्त निघालं, भर मैदानात.
मडावी चिडला होता की हसत होता, कळेना.
बाबा मात्र खाली बसून हसला, डोळे पुसेपर्यंत,
मग माझ्याकडे पाहून गप्प झाला.

जुन्या अक्रोडाच्या चकत्या कापून
त्यानं नव्या दस्त्यांच्या बुडाशी जोडल्या.
पाच बंदुकांना चार तुटक्यांचं लाकूड पुरवलं.
खाचांच्या दस्त्याला करवत लावली नाही.

बिल आठ महिन्यांनी आलं.
फर्निचर दुरुस्ती, नग पाच.
त्यात सव्वा इंचाचे पैसे नव्हते.

तो दस्ता अजून आढ्याला खोचलेला आहे.
पावसाळ्याआधी मी तो उतरवते, तेलाचा हात देते.
खांद्याला लावत नाही.
अर्ध्या खाचेत तेल जरा जास्त मुरतं,
तिथं दोनदा द्यावं लागतं.